बेड्या पडल्या, म्हणजे गोष्ट संपली का?

आजचा प्रश्न असा आहे: पोलीस आणि गुन्ह्यांवरचे 'सत्यघटनेवर आधारित' कार्यक्रम मुलांनी पाहावेत का?

आपल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न हवेतला नाही. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. मार्च 2025 मध्ये त्या छळाची छायाचित्रं बाहेर आली आणि वाहिन्यांवरून मोबाइलवर फिरली. मोठ्यांनाही ती बघवत नव्हती. पण घरातला मोबाइल मुलांच्याही हातात असतो, हे आपण विसरतो.

आता मालिकांकडे येऊ. 'क्राइम पेट्रोल' 2003 पासूनची, 'सावधान इंडिया' 2012 पासूनची. प्रकरण खरं, पण माणसं नट, संवाद लिहिलेले, वर पार्श्वसंगीत. 'नाट्यरूपांतर' ही पाटी आपण वाचतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढंच कळतं की हे खरं घडलंय, म्हणजे आपल्या गल्लीतही घडेल. मग ते रात्री कडी लावली का, हे दोनदा विचारतं.

थोडी मोठी मुलं घाबरत नाहीत. त्यांच्या बाबतीत आम्हाला काळजी रक्ताची कमी, शेवटाची जास्त वाटते. तासाभरात संशयित सापडतो, कोठडीत दोन थपडा बसतात, तो कबूल होतो, बेड्या पडतात. संपलं! कायद्यात मात्र इथे सुरुवात होते. अटक केलेल्याला 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 23 आहे. असं का? तर मारून कुणाकडूनही काहीही वदवून घेता येतं, म्हणून. थप्पड म्हणजेच न्याय असं शिकलेलं पोरगं उद्या कुणाची धिंड निघाली तर टाळ्या वाजवेल. आणि धिंड निघालेला निर्दोष निघाला तर?

नियम आहेत. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांत, मुलं सर्वाधिक पाहतात त्या वेळी त्यांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असं म्हटलंय. ओटीटीसाठी 2021 पासून 7, 13, 16 अशा वयाच्या खुणा आहेत. पण मालिकेचा तुकडा कापून मोबाइलवर आला, की ना वेळ उरते ना खूण. तिथे आईबापच लागतात.

म्हणून आमचं मत असं: तेरा वर्षांखाली नको. त्यापुढे शेजारी बसून बघा आणि तीन गोष्टी विचारा. यातलं खरं किती, रचलेलं किती? आरोपीची बाजू कुणी मांडली? ज्यांच्या घरात हे घडलं, त्यांना हे बघताना काय वाटेल?

जाता जाता 112 आणि मुलांसाठीचा 1098 हे क्रमांक पाठ करून घ्या. सावध राहायला एवढं पुरेसं आहे. त्यासाठी रोज एक खून पाहायची गरज नाही.