संगणकातील सहावा गठ्ठा : तात्पुरत्या फाइलींची व्यवस्था

कार्यालयात कागद येतो, त्यावर कार्यवाही होते आणि कार्यवाही पूर्ण झाल्यावर तो कोठे जावा, किती काळ राहावा व केव्हा नष्ट व्हावा, याचेही नियम ठरलेले असतात. महाराष्ट्राच्या प्रशासनात ही शिस्त जुनी आहे. अभिलेखांची ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘क-१’ आणि ‘ड’ अशी वर्गवारी केली जाते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, ‘क’ वर्गाचे १० वर्षे, ‘क-१’ वर्गाचे ५ वर्षे आणि ‘ड’ वर्गाचे केवळ १ वर्ष जतन करावयाचे असतात. लिपिकाच्या मेजावरील कागदांसाठी सहा गठ्ठे पद्धत आहे. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे आणि शेवटचा, सहावा गठ्ठा नष्ट करावयाच्या कागदांचा. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचे जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन रचनेत जी सुधारणा घडवून आणली आणि जी पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून देशभर ओळखली गेली, तिच्याही मुळाशी हेच सूत्र होते. प्रत्येक कागदाला जागा हवी आणि प्रत्येक कागदाला मुदत हवी.

आता हेच कागद संगणकावर तयार होतात. २०११ पासून ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे आणि २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’द्वारे संगणक ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचला. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या सिहोऱ्यासारख्या गावीही दाखले, उतारे आणि अर्ज यांचे काम संगणकावरच चालते. कागदाच्या गठ्ठ्यांना जी शिस्त लागली, ती संगणकातील गठ्ठ्यांना लागली आहे काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

तात्पुरती फाइल म्हणजे काय?

सिहोरा हा धानाचा मुलूख. चांदपूर जलाशयाच्या पाण्यावर येथील शेती उभी आहे. धान कापल्यावर ते लगेच घरात येत नाही. कडपा बांधीत वाळत पडतात, मग त्यांचे भारे बांधून पुंजणे रचले जाते आणि मळणी झाल्यावरच दाणा घरी जातो. कडपा आणि पुंजणे या मधल्या अवस्था आहेत. त्यांच्यावाचून काम होत नाही, परंतु त्या धान साठविण्याच्या जागा नव्हेत. अवकाळी पाऊस आला की कडपा भिजतात. मळणीनंतरही तणस खळ्यावरून हलविले नाही, तर पुढच्या कामाला जागा उरत नाही.

संगणकातील तात्पुरत्या फाइलींचे स्वरूप असेच आहे. आपण एखादे पत्र टंकित करीत असताना त्याची अर्धवट प्रत संगणक वेगळी ठेवतो, म्हणजे वीज गेली तरी सर्व श्रम वाया जात नाहीत. छपाईचा आदेश दिला की छपाईयंत्र मोकळे होईपर्यंत मजकूर एका रांगेत साठविला जातो. संकुचित फाइल उघडताना तिच्यातील घटक तात्पुरते बाहेर काढले जातात. संकेतस्थळ पाहताना त्यावरील चित्रे जवळ ठेवली जातात. काम संपल्यावर ज्या कार्यक्रमाने ती फाइल निर्माण केली त्यानेच ती काढून टाकावी, असा संकेत आहे.

कार्यप्रणालीची व्यवस्था

या फाइलींसाठी प्रत्येक कार्यप्रणालीत जागा राखून ठेवलेली असते. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या परंपरेत ‘टीएमपी’ नावाची सामाईक निर्देशिका असते. लिनक्स ही याच परंपरेतील. सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. ‘टीएमपी’मधील फाइल संगणक पुन्हा सुरू केल्यावर शिल्लक राहीलच, असे कोणत्याही कार्यक्रमाने गृहीत धरू नये, असा दंडक आहे. ज्या तात्पुरत्या फाइली संगणक बंद-चालू झाल्यावरही लागतील, त्यांच्यासाठी ‘व्हार’ निर्देशिकेखाली दुसरी ‘टीएमपी’ असते. अनेक लिनक्स प्रणालींत पहिल्या जागेतील जुन्या फाइली १० दिवसांनी व दुसऱ्या जागेतील ३० दिवसांनी आपोआप काढण्याची मुदत प्रचलित आहे. ही एका परीने संगणकातील ‘ड’ वर्गाची मुदतच होय.

सामाईक जागेचा प्रश्न मात्र नाजूक असतो. सर्वांना लिहिण्याची मुभा दिली, तर एकाची फाइल दुसरा पुसू शकेल. यावर युनिक्सने उपाय योजिला आहे. त्या निर्देशिकेवर एक विशेष खूण लावलेली असते. तिच्यामुळे फाइल कोणीही ठेवू शकतो, परंतु ठेवणारा स्वतः अथवा प्रणालीचा प्रशासक यांच्यावाचून ती कोणास काढता येत नाही. गावाच्या सामाईक खळ्यावर आपले पुंजणे कोणीही रचावे, दुसऱ्याच्या भाऱ्याला मात्र हात लावू नये, असाच हा नियम. फाइलीचे नाव आधी ओळखता येण्याजोगे असेल, तर दुष्ट हेतूचा मनुष्य त्याच नावाने खोटा दुवा अगोदर तयार करून ठेवू शकतो. म्हणून चांगले कार्यक्रम तात्पुरत्या फाइलीला प्रत्येक वेळी नवे, अनपेक्षित नाव देतात.

विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याचे स्वतंत्र ‘टेम्प’ फोल्डर असते. ‘रन’ चौकटीत दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये ‘टेम्प’ हा इंग्रजी शब्द टंकित केल्यास ते उघडते. संगणक पुन्हा सुरू केल्याने हे फोल्डर सहसा रिकामे होत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१७ पासून विंडोज १० मध्ये ‘स्टोरेज सेन्स’ ही स्वयंचलित स्वच्छतेची सोय आली व ती पुढील आवृत्तीतही आहे. ती चालू आहे की नाही, हे सेटिंग्जमध्ये जाऊन तपासावे लागते.

कचरा का साचतो?

कार्यक्रम नीट बंद झाला तर तो आपली तात्पुरती फाइल काढून टाकतो. परंतु वीज अकस्मात गेली, संगणक अडखळला किंवा चालकाने थेट कळ दाबून तो बंद केला, तर आवराआवर करण्यास कार्यक्रमाला अवसरच मिळत नाही. अशा अनाथ फाइली वर्षानुवर्षे पडून राहतात. कमी क्षमतेच्या संगणकावर त्यामुळे जागा अपुरी पडते, नवी फाइल साठविता येत नाही आणि कार्यप्रणालीची सुरक्षाविषयक सुधारणाही अडून राहते. तात्पर्य, हा प्रश्न केवळ मंदगतीचा नाही.

नागरिकाचा कागद

याहून गंभीर बाब वेगळीच आहे. किमान आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी शेतकऱ्याला ऑनलाइन नोंदणी करावी लागते. त्यासाठी तो सातबारा, आधारपत्र व बँकेचे पासबुक घेऊन येतो. चालक ते स्कॅन करतो, संकेतस्थळावर चढवितो आणि शेतकरी निश्चिंत मनाने परत जातो. स्कॅन केलेल्या प्रती मात्र संगणकाच्या पडद्यावर, ‘डाउनलोड्स’मध्ये किंवा ‘टेम्प’मध्ये तशाच राहतात. एकच संगणक अनेकांच्या हाताखालून जातो, तो दुरुस्तीला जातो, कधी निर्लेखित होऊन विकलाही जातो. ज्या कागदपत्रांच्या आधारे कर्ज मागता येते अथवा सिमकार्ड घेता येते, ती अशी उघडी राहणे म्हणजे त्या शेतकऱ्याचे हित उघड्यावर टाकणे होय. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ मध्ये कायदा झाला. शासनयंत्रणेसाठी त्यात काही अपवाद असले, तरी प्रयोजन संपल्यावर व्यक्तिगत माहिती पुसावी, हे तत्त्व त्या कायद्याने स्वीकारले आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘स्वच्छता’ या नावाखाली जतन करावयाचा अभिलेखच पुसला गेला, तर हानी भरून निघत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये सार्वजनिक अभिलेख विहित रीतीवाचून नष्ट करता येत नाहीत, मग ते कागदावर असोत वा संगणकात. ईमेलसोबत आलेली फाइल थेट उघडून तीत दुरुस्त्या केल्या, तर त्या पुष्कळदा तात्पुरत्या जागेतच साठविल्या जातात आणि पुढे सापडत नाहीत. यास्तव फाइल प्रथम योग्य फोल्डरमध्ये जतन करावी आणि नंतरच तीवर काम करावे.

काय करावे?

१. प्रत्येक चालकाचे स्वतंत्र खाते व स्वतंत्र पासवर्ड असावा. त्यामुळे एकाच्या तात्पुरत्या फाइली दुसऱ्याच्या हाती सहजासहजी लागत नाहीत.

२. अर्जदारांच्या स्कॅन प्रतींसाठी दिनांकाच्या नावाचे एकच फोल्डर करावे. अर्ज यशस्वीरीत्या सादर झाल्याची पोच मिळाल्यावर त्याच दिवशी त्या प्रती काढून टाकाव्यात.

३. जो दस्तऐवज कार्यालयाचा अभिलेख आहे, तो वर्गवारीनुसार स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवावा व त्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. ‘टेम्प’, ‘डाउनलोड्स’ आणि रिसायकल बिन या जतनाच्या जागा नव्हेत.

४. आठवड्यातून एकदा सर्व कार्यक्रम बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून, कार्यप्रणालीतीलच साधनाने सफाई करावी. सुधारणा किंवा नवा कार्यक्रम बसविला जात असताना सफाई करू नये. एखादी फाइल वापरात असल्याचा संदेश आला, तर ती वगळावी. प्रणालीच्या इतर फोल्डरांत हाताने काहीही पुसू नये.

५. पुसलेली फाइल रिसायकल बिनमधूनही काढावी. त्यानंतरही तिचा मजकूर काही काळ डिस्कवर शिल्लक राहू शकतो. म्हणून संगणक विकताना किंवा निर्लेखित करताना डिस्क संपूर्णपणे पुसून घ्यावी अथवा काढून ठेवावी.

६. शक्य तेथे अखंड वीजपुरवठ्याचे साधन वापरावे आणि संगणक रीतसर बंद करावा.

या कामास नवे यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने महिन्याच्या दप्तर तपासणीत संगणकातील या जागांकडेही एकदा पाहिले, तर बरेच साध्य होईल. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने नागरिकाला विहित मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला. सेवा देताना त्याने विश्वासाने हाती दिलेला कागद सुरक्षित राखणे, हे त्या सेवेचेच अंग मानले पाहिजे. सहावा गठ्ठा वेळेवर निकालात काढणारा लिपिक दक्ष मानला जातो. संगणकापुढे बसणाऱ्या कर्मचाऱ्याची दक्षताही याच कसोटीवर पारखली जावी.