बारा वर्षांच्या प्रेक्षकाचा सिनेमा

सगळ्या घराने मिळून पाहायचा तो कौटुंबिक सिनेमा आणि कॉलेजातल्या पोरांनी मित्रांबरोबर जाऊन पाहायचा तो मारधाडीचा, ही जुनी वाटणी आता उरलेली नाही. ‘बाहुबली’ (२०१५), ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ (२०१९) आणि दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’ (२०२२) हे तिन्ही लढायांचे सिनेमे, आणि तिन्हींना आई-वडील मुलांचा हात धरून गेले. दहा-बारा वर्षांच्या सिनेमावेड्या मुलाला अलीकडे काय आवडले असे विचारले, तर ‘इनसाइड आउट २’ आणि एखादा सुपरहिरोपट तो एका दमात सांगतो. त्यात त्याला काही विचित्र वाटत नाही. हे दोन प्रकार असे एकत्र आले त्यामागे जितका कथाकारांचा हात आहे, तितकाच सिनेमावर बसणाऱ्या वयाच्या शिक्क्याचाही आहे.

या शिक्क्याची आजची पद्धत अमेरिकेत १९६८ साली सुरू झाली. त्याआधी तिथे हेज कोड होता. १९३४पासून काटेकोरपणे पाळल्या गेलेल्या या नियमावलीचा सूर असा, की सिनेमा एकच आणि तो सगळ्यांना दाखवण्याजोगाच हवा. साठच्या दशकात हे चालेना. हॉलिवूडच्या निर्मात्यांच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी कोड गुंडाळून वयोगट आणले. जी म्हणजे सर्वांसाठी, पीजी म्हणजे पालकांनी जरा पाहून घ्यावे, आर म्हणजे १७ (सुरुवातीला १६) वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाबरोबरच प्रवेश. पीजी हे नाव थोडे उशिरा, १९७२मध्ये, पक्के झाले. पीजी आणि आर यांच्यामध्ये मोठी दरी होती. शार्कने माणसे फाडून खाणारा ‘जॉज’ (१९७५) पीजी होता, आणि लहान मुलांचा ‘स्टार वॉर्स’ही (१९७७) पीजीच.

त्या दरीत सिनेमे कसे बसवले जात याचा नमुना ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये (१९८१) दिसतो. शेवटी पेटी उघडते आणि खलनायक मरतात. एकाचा चेहरा मेणासारखा वितळतो, दुसऱ्याचे डोके फुटते. डोके फुटण्याच्या दृश्यामुळे आर मिळणार असे दिसल्यावर त्या चित्रावर ज्वाळांचा एक थर चढवण्यात आला. डोके फुटतेच, फक्त आगीच्या पडद्याआडून. सिनेमाला पीजी मिळाला.

पण १९८४च्या उन्हाळ्यात हा तोल गेला. मे महिन्यात याच मालिकेतला ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ आला. कथा भारतात घडणारी होती, पण इथे चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही म्हणून बराचसा भाग श्रीलंकेत उभा राहिला. मुंबईच्या रंगभूमीवरून आलेले अमरीश पुरी यात खलनायक मोलाराम झाले होते. मुंडण त्यांनी याच भूमिकेसाठी केले आणि पुढे तेच त्यांची ओळख झाले. मोलाराम बळीच्या छातीत नुसता हात घालून धडधडते हृदय उपसून काढतो, बळी जिवंतच राहतो, त्याला लाव्हात सोडले जाते आणि इकडे मोलारामच्या मुठीत हृदय पेट घेते. शिवाय राजवाड्यातल्या मेजवानीत माकडाचा मेंदू वाढला जातो. भारतात या सिनेमावर सुरुवातीला बंदी आली ती भारताच्या अशा चित्रणावरून. अमेरिकेतल्या पालकांचा आक्षेप वेगळा होता. पीजीचा शिक्का पाहून मुलांना नेले आणि हे निघाले, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्याच महिन्यात ‘ग्रेमलिन्स’ आला. जाहिरातीत मऊ, मोठ्या कानांचे गोजिरवाणे प्राणी, आणि सिनेमात घरची आई स्वयंपाकघरात एका ग्रेमलिनचा यंत्रात घालून लगदा करते तर दुसऱ्याला मायक्रोवेव्हमध्ये फोडते. हाही पीजी.

पहिल्याचे दिग्दर्शक आणि दुसऱ्याच्या निर्मात्यांपैकी एक असे दोन्हींकडे स्टीव्हन स्पीलबर्गच होते. मधली एक पायरी हवी, असे त्यांनीच व्हॅलेंटींना सुचवले. १ जुलै १९८४पासून पीजी-१३ लागू झाला आणि १० ऑगस्टला ‘रेड डॉन’ हा त्या शिक्क्याचा पहिला सिनेमा पडद्यावर आला. पीजी-१३मध्ये कुणालाही दारात अडवत नाहीत. १३ वर्षांखालील मुलांना काही भाग योग्य नसेल, एवढा जोरकस इशारा पालकांना दिला जातो.

योजना पालकांच्या सोयीसाठी होती, पण तिचा फायदा निर्मात्यांनी अधिक ओळखला. आर मिळाला तर शाळकरी गिऱ्हाईक हातचे जाते. जी मिळाला तर तेरा वर्षांचा मुलगा ‘हे बाळांचे आहे’ म्हणून नाक मुरडतो. पीजी-१३मध्ये दोघेही येतात. ‘जुरासिक पार्क’ (१९९३), ‘टायटॅनिक’ (१९९७), ‘अवतार’ (२००९) हे सगळे याच शिक्क्याचे. नव्वदच्या दशकापासून मोठे साहसपट हा शिक्का डोळ्यासमोर ठेवूनच लिहिले, चित्रित केले आणि कापले जाऊ लागले.

त्यातून मारामारीचे एक नवे व्याकरण तयार झाले. माणसे कितीही मरोत, रक्त दिसता कामा नये. म्हणून शत्रू यंत्रमानव, परग्रहवासी किंवा काळ्या रक्ताचे राक्षस असतात. घाव बसतो त्या क्षणी कॅमेरा दुसरीकडे जातो. ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) जोकर टेबलात पेन्सिल उभी रोवतो, ती गायब करून दाखवतो म्हणतो, आणि अंगावर आलेल्या गुंडाचे डोके टेबलावर आपटतो. पेन्सिल खरोखरच दिसत नाही, रक्ताचा थेंबही नाही. जे झाले ते प्रेक्षकाच्या मनात झाले आणि मनातल्या दृश्याला शिक्का मारता येत नाही. ‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ (२०१८) याच्या फार पुढे गेला. थॅनोस चुटकी वाजवतो आणि विश्वातले अर्धे जीव राख होऊन उडून जातात. सिनेमाच्या इतिहासातल्या मोठ्यात मोठ्या कत्तलींपैकी ही एक, आणि तरी पूर्ण कोरडी. गणित म्हणून हा प्रकार बेमालूम आहे. मात्र मृत्यूला वजनच उरत नाही, ही त्याची किंमत. छातीतून काढलेले हृदय पाहून मूल दचकत होते, राखेकडे ते पुढच्या भागाची नांदी म्हणून पाहायला शिकते.

ब्रिटनमध्ये गाडी उलट बाजूने अडली. १९८९मध्ये ‘बॅटमॅन’च्या निमित्ताने तिथे १२चा शिक्का आला, आणि तो कडक होता. बारा वर्षांखालील मुलाला आई-बापाबरोबरही प्रवेश नाही. २००२मध्ये ‘स्पायडर-मॅन’ला तो मिळाला तेव्हा ज्या मुलांच्या दप्तरांवर स्पायडर-मॅन होता त्यांनाच सिनेमा बंद झाला. सिनेमागृहांबाबतचा शेवटचा शब्द तिथे स्थानिक परिषदांचा असतो. काही परिषदांनी आपापल्या हद्दीत निर्बंध सैल केला. नॉर्विच शहरात आधीच एक प्रयोग करून पाहिलेला होता. त्याच्या आधारावर ऑगस्ट २००२मध्ये १२ए आला. बारा वर्षांखालील मुलांनी मोठ्यांबरोबर यावे, एवढीच त्याची अट.

भारतात १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली बराच काळ मुख्यतः दोनच खाने होते, सर्वांसाठी यू आणि फक्त प्रौढांसाठी ए. वयापेक्षा कायदा-सुव्यवस्थेची काळजी इथे जास्त असे. ‘शोले’च्या (१९७५) मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार करतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे सेन्सॉरला मानवले नाही, म्हणून ऐन वेळी पोलीस पोचतात असा शेवट चित्रित करावा लागला. १९८३मध्ये या दोन्हींच्या मधला, पालकांच्या मार्गदर्शनाचा यूए आला, आणि मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आले. लोकांच्या तोंडी मात्र आजही ‘सेन्सॉर बोर्ड’च आहे, आणि काटछाटीच्या बातम्या वाचल्या की ते नाव अगदीच चुकीचे वाटत नाही.

त्या काळच्या यूएची रेघ बारा वर्षांवर होती, आणि तिच्या आत सगळेच कोंबले जाई. २०१६मध्ये जॉन फॅव्हरो यांच्या ‘द जंगल बुक’ला यूए मिळाला तेव्हा देशभर थट्टा झाली. मोगलीचे जंगल म्हणजे विदर्भाला लागून असलेले सिवनीचे. त्या गोष्टीवर वाढलेल्या देशात तीच मुलांसाठी भीतिदायक ठरावी, याचे लोकांना हसू आले. थ्रीडीमध्ये प्राणी अंगावर येतात, असे मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांचे म्हणणे होते. थट्टा थोडी अन्यायाचीच होती, कारण अमेरिकेतही हा सिनेमा जी नव्हता, पीजी होता. आणि हिंदी आवृत्तीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज असल्यावर पाच वर्षांच्या मुलाने आईच्या कुशीत शिरणे अगदीच समजण्याजोगे आहे.

त्याच वर्षी श्याम बेनेगल समितीने यूएचे वयानुसार तुकडे पाडण्याची शिफारस केली. ती थोड्या बदलाने प्रत्यक्षात यायला २०२३ची कायदादुरुस्ती आणि २०२४ची नियमावली उजाडावी लागली. आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन टप्पे आहेत. मात्र ते पाळणे पालकांच्या मर्जीवर असून दुसऱ्या कुणालाही त्यांची सक्ती करता येणार नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. म्हणजे ‘ए’ सिनेमाच्या दारात तिकीट तपासणारा मुलाचे वय विचारू शकतो, यूए १६+ला त्याने विचारून उपयोग नाही.

याची मोठी परीक्षा महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२५मध्ये झाली. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा, लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ यूए १६+ होता. संभाजी महाराजांच्या छळाचा शेवटचा भाग लांबलचक आहे आणि कॅमेरा तिथून हटत नाही. त्या भागासाठी हा शिक्का योग्यच म्हणावा लागेल. तरीही प्रेक्षागृहे कुटुंबांनी भरली. गारद म्हणणाऱ्या, हुंदके देणाऱ्या लहान मुलांचे व्हिडिओ मोबाइलवरून फिरले. पालकांच्या लेखी तो मारधाडीचा सिनेमाच नव्हता, तो इतिहास होता, आणि इतिहास मुलांना दाखवायचा असतो. शिक्का हिंसा मोजतो, पण ती कुणाची आणि कशासाठी, हे घर आपल्या हिशेबाने ठरवते.

खुद्द मुलाला काय वाटते, ही यातली सगळ्यांत कमी विचारली गेलेली गोष्ट. अमेरिकन संशोधक जोआन कँटर यांनी मुलांच्या भीतीचा दीर्घ अभ्यास केला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी टीव्हीवर ‘द इन्क्रेडिबल हल्क’ ही मालिका लागे. चांगल्या स्वभावाचा शास्त्रज्ञ रागावला की त्याचा हिरवा, फुगलेला हल्क होतो आणि तो निरपराधांना वाचवतो. कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की शाळेच्या वयाला न पोचलेली मुले या रूपांतराला भयंकर घाबरतात. हल्क नायक आहे हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. समोर दिसते ते अक्राळविक्राळ रूप, म्हणजे धोका. मोठ्या मुलांचे उलट होते. रूपांतराआधीच्या संकटाने ती धास्तावत आणि हल्क आला की निवांत होत. लहान मूल दिसण्याला भिते आणि जरा मोठे झालेले मूल घडू शकणाऱ्या गोष्टींना. म्हणून बारा वर्षांच्या मुलाला परग्रहावरचे सैन्य हास्यास्पद वाटू शकते आणि शाळेतला एकटेपणा मात्र झोंबतो.

‘बॅम्बी’त (१९४२) हरणाची आई मरते ती पडद्याबाहेर, फक्त बंदुकीचा आवाज येतो. ‘द लायन किंग’मध्ये (१९९४) सिंबा मेलेल्या बापाच्या कुशीत शिरून बसतो. अमेरिकेत या दोन्ही सिनेमांना जी आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुले याच दृश्यांना रडली. रक्त मोजण्याची पद्धत आहे, पोरकेपण मोजण्याची नाही.

मुलांच्या मताला अधिकृत जागा देणारे काही महोत्सव आहेत. इटलीतल्या गिफोनी गावात सत्तरच्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या महोत्सवात परीक्षक मुलेच असतात, वयोगटानुसार वेगवेगळ्या मंडळांत बसवलेली. भारतात बालचित्रपट समिती १९५५मध्ये स्थापन झाली. तिचा गोल्डन एलिफंट महोत्सव पुढे हैदराबादेत स्थिरावला. २०२२मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली.

बर्लिन महोत्सवात मुलांचा विभाग १९७८पासून आहे. तिथे ११ ते १४ वयाची बर्लिनची मुले क्रिस्टल बेअर हे पारितोषिक देतात. परीक्षक व्हायचे तर आधीच्या वर्षीचे सिनेमे पाहून प्रश्नावली भरावी लागते, आणि कुणाला काय वाटले ते वाचून निवड होते. उपशीर्षके वाचणे जड जाणाऱ्या छोट्यांसाठी सिनेमागृहातच एक जण सगळ्या पात्रांचे संवाद जर्मनमधून म्हणत जातो. २०१४मध्ये या परीक्षकांनी निवडलेला सिनेमा होता अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणात येतो. त्याला चार मित्र मिळतात, सायकली किल्ल्याकडे निघतात, पाऊस कोसळतो आणि मित्र त्याला तिथे एकटा सोडून पळतात. पुढे ना मारामारी, ना सूड. चिन्मय दोस्तांशी बोलायचे टाकतो, एवढेच. अर्चित देवधर, पार्थ भालेराव आणि अमृता सुभाष यांच्या या सिनेमातल्या रागाची ताकद बर्लिनच्या मुलांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या संवादांतूनही कळली. भारतात ‘किल्ला’ लागला २६ जून २०१५ला, त्यांनी तो पाहिल्यावर सव्वा वर्षाहून अधिक काळाने.