ओसरीस काचेची जोड : लातूर-नांदेडचा विचार

कोकणात घरास काचबंद ओसरी जोडताना खाऱ्या वाऱ्याचा व गंजाचा विचार प्रथम करावा लागतो. लातूर-नांदेडकडे खरा वैरी वैशाखातले ऊन होय. काच सूर्यकिरण आत घेते. तापलेल्या फरशीची उष्णता मात्र सहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून अशी खोली येथे पावसाळा, शरद व हिवाळा एवढ्यापुरतीच. उन्हाळ्यात तिची तावदाने उघडीच ठेवावीत.

तिचे तोंड दक्षिणेस असावे. लातूरला डिसेंबरअखेर माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, मे महिन्यात जवळजवळ डोक्यावर. सबब बेताचा छज्जा उन्हाळी किरण अडवितो आणि हिवाळी आत येऊ देतो. पश्चिमेच्या काचेपुढे छज्जा निष्प्रभ ठरतो.

परंतु जुन्या माळवदाच्या घरी अवघड प्रश्न आधाराचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीची जड छते कोसळून हजारो माणसे दगावली. अशा भिंतीत भोके पाडून नव्या तुळया टेकविणे हे, काटकसरीचे भासले तरी, अविचाराचेच. खोली हलकी, स्वतःच्या खांबांवर व भिंतीपासून अंतर राखून उभारावी; मधल्या फटीवरील पत्रा एकाच बाजूस जखडावा.