फॉर्मेलिन, पुरुमेंत आणि आपल्या मुलांचा डबा



१ ऑगस्ट जवळ आला. पाती रंगवून झाल्या, जाळी शिवायला घेतलीत, इंजिने उघडून बसलेत सगळे. गेल्या आठवड्यात सोसायटीत गप्पा मारताना एका तरुण पातमालकाने विचारले, "सेक्रेटरी, फॉर्मेलिनची भानगड नेमकी काय होती? तेव्हा मी शाळेत होतो." त्याला तोंडी सांगितले ते इथे नीट लिहून काढतो, कारण विसरलेले आणखीही बरेच असतील.

जुलै २०१८. त्याच्या आधी जूनमध्ये केरळात 'ऑपरेशन सागर राणी' नावाच्या मोहिमेत परराज्यातून आलेली हजारो किलो मासळी पकडली होती, तिला फॉर्मेलिन लावलेले. मग १२ जुलैला पहाटे आपल्या एफडीएने मडगावच्या घाऊक मासळी बाजारात ट्रक तपासले. जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन दिसले. त्याच दिवशी नंतर सांगण्यात आले की प्रमाण मर्यादेत आहे. लोक म्हणाले, जे मासळीत घालायलाच बंदी आहे त्याची मर्यादा कसली? तिथून विश्वास गेला तो गेलाच. १८ जुलैला सरकारने परराज्यातील मासळीवर पंधरा दिवसांची बंदी घातली.

आता गंमत बघा. तेव्हा ट्रॉलरबंदी चालू होती. बाजारातली बहुतेक मासळी बाहेरून बर्फात आलेली. आपल्याकडे मोरजी, मांद्रे, हरमल, केरीला जे काय मिळत होते ते किनाऱ्यावरचे आणि नदीतले, सकाळी काढलेले. त्याला कोण कशाला फॉर्मेलिन लावील? पण गिऱ्हाईक फरक करत नाही. आमच्या वाड्यावरची एक काकी शेवटे आणि सुंगटां घेऊन बाजारात गेली आणि दुपारी पाटी तशीच डोक्यावर घेऊन परत आली. म्हणाली, "बाबा, बायको लांबसूनच म्हणतत, मावशे, विकाचे नुस्ते नको." त्या पाटीतले अर्धे तिने शेजारी वाटले, अर्धे मीठ लावून सुकत घातले. पावसात ते धड सुकलेही नाही. त्या महिन्यात तिने सोसायटीचा हप्ता भरला नाही आणि मी तिला विचारलेही नाही.

पुढे नोव्हेंबरात बाहेरच्या मासळीला नोंदणी आणि इन्सुलेटेड गाडीची अट आली, तेव्हा पत्रादेवीच्या नाक्यावर काय चालले होते ते पेडणेकरांना सांगायला नको. मालवण-वेंगुर्ल्याचे आपल्यासारखेच छोटे मच्छीमार त्यात भरडले गेले. चूक एकाची, भुर्दंड सगळ्यांना.

आता मूळ गोष्ट. फॉर्मल्डिहाइड हा वायू, तो पाण्यात साधारण ३७ ते ४० टक्के विरघळवला की फॉर्मेलिन. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक ठेवतात ते पाणी. मांसातली प्रथिने ते घट्ट बांधून टाकते, म्हणून मासा कुजत नाही, कडक राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. भारतात ते खाण्याच्या कुठल्याही वस्तूत घालायला परवानगी नाही.

पण एक गोष्ट खरी, आणि ती आपल्याला माहीत हवी. समुद्राच्या माशात मुळातच एक पदार्थ असतो, ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड. मासा मेल्यावर तो फुटतो आणि त्यातून थोडे फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होते. बोंबलात ते जास्त होते. म्हणजे चाचणीत थोडेसे दिसले म्हणून लगेच कोणी औषध मारले असे होत नाही. पण ही सबब पुढे करून मारलेले लपवणारेही असतात. म्हणून रंग बघून वाद घालण्यापेक्षा प्रयोगशाळेत प्रमाण किती निघते ते बघावे लागते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, सीआयएफटीने, कागदी पट्टीची चाचणी काढली आहे. पट्टी माशावर फिरवायची, द्रावणाचा थेंब टाकायचा, दोन-तीन मिनिटांत रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनियासाठी वेगळी पट्टी आहे. संशय आला तर पहिली चाळण म्हणून चांगली.

"माशी बसत नाही म्हणजे फॉर्मेलिन" हे सगळीकडे ऐकू येते. ताज्या, भरपूर बर्फातल्या माशावरही माशी कमीच बसते. त्यावर भरवसा ठेवू नका. मासा कडक पण डोळे मेलेले, कल्ले फिके आणि दर्याचा वासच नाही, असे जुळले तर मात्र विचारा.

औषध का लावतात? बर्फ वाचवायला. आपल्या हवेत एक किलो माशाला एक किलो बर्फ लागतो, तोही पिण्याच्या पाण्याचा. बांगडा, कुपा उन्हात दोन-चार तास राहिला की त्यात हिस्टामाइन तयार होते. ते शिजवून जात नाही; खाल्ल्यावर तोंड लाल, अंगावर गांधी, डोके दुखणे. आपण म्हणतो "बांगडो बाधलो". तो बांगडा बाधत नाही, आपला बर्फ बाधतो. हे मी आपल्याच लोकांना सांगतोय.

सुंगटां काळी पडू नयेत म्हणून जी पांढरी पूड टाकतात ती सोडियम मेटाबायसल्फाइट. ठरावीक मर्यादेत तिला परवानगी आहे, पण मुठीने टाकायची वस्तू नव्हे ती. दम्याच्या माणसाला त्याने धाप लागू शकते. ती हाताळणाऱ्या खलाशालाही.

आता जरा घरात बघू. बाजारात दुसऱ्याच्या ट्रकवर बोट दाखवणारे आपण, बंदीच्या दोन महिन्यांत मुलांच्या डब्यात काय देतो? पूर्वी पुरुमेंतात खारे, गालमो, सोलां, मिरच्या, उकडे तांदूळ असायचे. आता नूडल्सची पाकिटे, सॉसेज, रंगीत सरबत. २०१५ साली मॅगीवर देशभर बंदी आली तेव्हा आपल्या डिचोलीच्या कारखान्याचेही काम थांबले होते. बंदी पुढे मुंबई उच्च न्यायालयाने उठवली, तीन प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी झाली आणि माल परत दुकानात आला. म्हणजे त्यात विष आहे असे मी म्हणत नाही. पण रोजच्या जेवणाच्या जागी ते नको. त्यात मीठच इतके असते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पाकिटाच्या मागे नंबर असतात ते वाचा. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, सरबत-सॉसमध्ये. २५० म्हणजे सोडियम नायट्राइट, सॉसेज-हॅममध्ये. परवानगीचे आहेत, पण २०१५ मध्ये त्याच कर्करोग संस्थेने सांगितले की असे प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ले तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

आणि आपले खारे? ते शुद्ध, असे म्हणून सुटका नाही. चिनी पद्धतीचा खारा मासाही त्या पहिल्या गटात आहे. आपली पद्धत वेगळी असली तरी मीठ ते मीठच. रक्तदाबाच्या माणसाने किसमूर चमचाभर घ्यावी, वाटीभर नव्हे. माझी आई ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.

एक शेवटचे. सुके विकणाऱ्या बायकांनी किडा लागू नये म्हणून पोत्याला कीटकनाशक मारू नये. कोणी सुचवले तरी नको. बांबूच्या किंवा जाळीच्या माचावर, जमिनीपासून वर सुकवा आणि कोरडे झाल्यावरच भरा.

चाचणीच्या पट्ट्या सोसायटीने मागवाव्यात का आणि १ ऑगस्टच्या आधी बर्फवाल्याशी पाण्याविषयी कोणी बोलायचे, हे दोन विषय येत्या रविवारच्या बैठकीत घेतले आहेत. सकाळी दहा वाजता, ऑफिसात. पातमालकांनी स्वतः यावे, पोराला पाठवू नये. पाटीवाल्या काकी-मावश्यांनी तर यावेच.

आपला,
सेक्रेटरी