परगांवीं शिकतांना मन खचलें तर

पौषी पौर्णिमेच्या सुमारास आपल्या म्हसा गांवीं खांबलिंगेश्वराची यात्रा भरते व गुरांचा मोठा बाजार लागतो. बैलानें वैरण टाकली कीं शेतकरी हातचें काम सोडून त्याच्या दुखण्याचा तपास करितो. 'आळशी झाला' म्हणून त्यास हिणवीत नाहीं. परंतु त्याच घरचा मुलगा परगांवीं शिकावयास गेला आणि त्याची झोंप उडाली, अन्न तुटलें, तर बहुधा कोणाचें लक्ष जात नाहीं. गेलेंच तर 'मन घट्ट कर' एवढाच उपदेश त्याच्या पदरीं पडतो. म्हणून पुढें कॉलेजांत जाणाऱ्या विद्यार्थिबंधुभगिनींसाठीं या विषयाची थोडी माहिती देणें अवश्य वाटतें.

एस. टी. नें कल्याण गांठून पुढें लोकलनें जाणारा आपल्याकडील विद्यार्थी पुष्कळदां घराण्यांतील पहिलाच पदवीचा उमेदवार असतो. शाळेंत अग्रेसर असलेला तो मुलगा इंग्रजी व्याख्यानांत गोंधळतो, एखाद्या विषयांत नापास होतो. वडिलांनीं कर्ज काढून पाठविलेलें असल्यामुळें घरीं सांगण्याची लाज वाटते. मग तो मित्रांस टाळतो, खोलीचें दार लावून बसतो. अशी उदासी दोन आठवडे टिकली, अभ्यासांत व खेळांत रस उरला नाहीं, किंवा 'मी नसलों तर सर्वांस बरें होईल' असे विचार येऊं लागले, तर तो स्वभावदोष समजूं नये. तो आजार असूं शकतो. हिंवतापाप्रमाणें त्यावरही उपचार आहेत.

उपचाराची पहिली पायरी म्हणजे विश्वासाच्या एका माणसाजवळ बोलणें. तो मित्र असो, बहीण असो वा प्राध्यापक. दुसरी पायरी कॉलेजचा समुपदेशक. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेंत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें दिला आहे. म्हणून तशी सोय कोठें आहे, हें प्रवेश घेतांनाच विचारून ठेवावें. तिसरी पायरी दूरध्वनीची. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरविल्यास अहोरात्र, विनामूल्य व मराठींतूनही प्रशिक्षित माणूस बोलणें ऐकून घेतो आणि जरूर पडल्यास तज्ज्ञाशीं गांठ घालून देतो. ठाण्यास १९०१ पासूनचें सरकारी मनोरुग्णालय आहे. तेथें जाणें म्हणजे वेडा ठरणें, ही समजूत सर्वस्वीं चुकीची होय.

कित्येकांस बोभाट्याची व पोलिसांची भीति वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. जिवावर उदार झालेला मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता, असें हा कायदा एरवीं सिद्ध न झाल्यास गृहीत धरितो. त्याच्यावर खटला भरीत नाहीं व त्याची काळजी घेण्याचें कर्तव्य सरकारवर टाकतो.

आतां मित्राचें कर्तव्य. सोबती खचलेला दिसला तर 'जीव द्यावासा वाटतो काय?' असें शांतपणें, स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो हा भ्रम आहे. उलट बोलावयास वाट मिळते. त्याचें ऐकून घ्यावें, तुलना व उपदेश टाळावे. धोका जवळ असल्यास त्यास एकटें सोडूं नये. ११२ अथवा रुग्णवाहिकेसाठीं १०८ या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. 'कोणास सांगूं नकोस' अशी शपथ त्यानें घातली, तरी ती पाळूं नये. मैत्री तुटली तर पुन्हां जोडतां येते; गेलेला जीव परत येत नाहीं.

पालकांसही एक विनंति आहे. मुलाचें पत्र वा फोन आला म्हणजे गुण किती हें मागाहून विचारावें. जेवलास काय, झोंप लागते काय, हें आधीं विचारावें. नापास झालेल्या मुलास घराचें दार उघडें आहे, हें त्यास परीक्षेपूर्वींच ठाऊक असलें पाहिजे.