भुशीचा ओढा नकाशावर आणायला हवा

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर बंदी, पाट्या, बंदोबस्त यांवर भरपूर चर्चा झाली. पण ते पाणी नेमके कुठून कसे येते, हे आपल्यापैकी किती तरुणांना सांगता येईल?

पावसाळ्यात ढग आड येतात, म्हणून उपग्रहाची स्वच्छ छायाचित्रे बहुधा कोरड्या दिवसांतली असतात. त्यांत हा ओढा म्हणजे नुसते खडक. वर डोंगरावर पाऊस कोसळला की खाली पाणी पाहता पाहता चढते, हे कळायला जागेवरच जावे लागते.

म्हणून कॉलेजच्या मुलामुलींनी उन्हाळ्यात (पावसात मुळीच नाही) तो ओढा चालून पाहावा, असे आम्हाला वाटते. खडकावरच्या पुराच्या खुणा आणि झुडपांत अडकलेला पालापाचोळा शोधावा. पाणी कुठवर येते ते गावातल्या जुन्या माणसांना विचारावे. मग ओपनस्ट्रीटमॅपवर नोंद करावी. हा नकाशा मोफत आहे, कुणालाही त्यात भर घालता येते. एकच ओढा दोन गटांनी स्वतंत्रपणे नोंदवावा, कारण दरीत मोबाइलचे जीपीएस बरेच मीटर चुकते. नोंदी जुळल्या नाहीत तर वाद घालत बसू नका, दोन्ही गट मिळून पुन्हा जा.

कार्ले-भाजे लेण्यांवर आपण नेहमी जातोच. सराव तिथल्या पाण्याच्या पोढ्यांपासून करता येईल. भुशी त्यानंतर.