पंप गेला? आधी अवजार उचलून बघा

जुलैत तलासरी-डहाणूच्या भातखाचरांत चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टरला उसंत नसते. आवणीचे दिवस मोजके, खाचरं लहान, आणि ज्यांच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर नाही ते तासाच्या भाड्याने बोलावतात. अशा ऐन घाईत मागचं अवजार उचललं जाईना, किंवा उचललेलं आपोआप खाली बसू लागलं, की बांधावरचा प्रत्येक जण एकच निदान सांगतो, ‘पंप गेला.’ हायड्रॉलिकमध्ये पंपाइतका बदनाम भाग दुसरा नाही, आणि पुष्कळदा तो निर्दोष असतो.

मुळात पंप दाब तयार करत नाही. इंजिनावर फिरणारा हा पंप फक्त तेल ढकलतो. ते तेल लिफ्टच्या सिलिंडरमध्ये शिरतं, पिस्टन सरकतो आणि वरचे दोन हात अवजाराला उचलतात. दाब चढतो तो अवजाराच्या वजनामुळे. वजन फारच झालं तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल परत हौदात सोडतो. बहुतेक ट्रॅक्टरांत ही मर्यादा १५० ते २०० बारच्या आसपास असते. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा भरतात, त्यावरून काय ते समजा.

म्हणून पाना हातात घेण्याआधी बघायचं ते हे, की बिघाड कधी होतो. रिकामी लिफ्ट उठते पण अवजार लावलं की अडते? सकाळी चालते आणि दोन तासांनी मरगळते? इंजिन बंद केल्यावर बसते की चालू असतानाही?

सकाळी ठीक आणि तापल्यावर ढिली, हे झिजलेल्या पंपाचं लक्षण आहे. तेल तापून पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून मागे निसटतं. इथे पंपावर संशय घ्यायला हरकत नाही. पण रिकामी लिफ्टही उठत नसेल तर पहिल्यांदा तेलाची कांडी काढा, तीही सपाट जागेवर. तलासरीकडच्या चढउताराच्या जमिनीत ट्रॅक्टर तिरका उभा राहिला आणि तेल आधीच कमी असलं, तर शोषनळीचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो आणि किंचाळतो. कांडीवर फेस दिसला तर हवाच शिरते आहे. फेस नाही आणि आवाज मात्र आहे, तर शोषनळीची जाळी गाळाने तुंबलेली असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी अशी. अवजार पूर्ण उचला, लिव्हर वरच ठेवा, इंजिन बंद करा आणि लांब उभं राहून बघा. अवजार भराभर खाली आलं, तर पंपाचा त्यात काही संबंध नाही. तो तर थांबलेला आहे. तेल कोंडून धरणारा कुठलातरी भाग गळतो आहे. बहुतेकदा पिस्टनची ओरिंग, नाहीतर एखादा व्हॉल्व्ह. इंजिन चालू असताना हीच गळती वेगळी दिसते. अवजार थोडं खाली येतं, कंट्रोल व्हॉल्व्हला ते कळतं, तो पुन्हा उचलतो, पुन्हा खाली. मागे पाहिलं तर अवजार माना डोलावतंय. अशा वेळी नवा पंप बसवला तर पैसे जातात आणि मान डोलायची थांबत नाही.

आणि अवजार वर जातं पण खालीच येत नाही, तेव्हा? सीटखालची गोल मूठ फिरवून बघा. बऱ्याच ट्रॅक्टरांत तिथे खाली येण्याचा वेग ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. रस्त्याने नेताना कुणीतरी तो घट्ट बंद केलेला असतो. (यासाठी मेकॅनिक बोलावला तर त्याने चहा घेऊनच जावं.)

काही वेळा बिघाड नसतोच. हॅरी फर्ग्युसन यांनी १९३०च्या दशकात तीन ठिकाणी जोडलेलं अवजार आणि हायड्रॉलिक एकत्र आणलं, तेव्हा त्यांचा खरा डाव होता ड्राफ्ट कंट्रोलचा. नांगराला ओढ जास्त लागली की तो आपोआप थोडा उचलला जातो. मुरमाच्या पट्ट्यात नांगर वर आला तर यंत्र आपलं काम करतंय. चिखलात मात्र ओढीचा भरवसा नाही. तिथे अवजाराची उंची धरून ठेवणारी पोझिशन लिव्हरच वापरायची.

मोटारींतही तत्त्व हेच. सित्रोएनने १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आणलेली डीएस ही गाडी तेलाच्या दाबावर स्वतःची उंची राखत असे, आणि स्प्रिंगचं काम करायचा गोळ्यांत भरलेला नायट्रोजन. ती बंद करून ठेवली की हळूहळू खाली बसायची, आणि तो दोष नव्हता. टोयोटाच्या काही लँड क्रूझरमध्येही अशीच तेलावर उंची बदलणारी व्यवस्था होती. या गाड्यांत एक घोळ नेहमी होतो. गाडी खाली बसली तर तेल, व्हॉल्व्ह किंवा उंची मोजणारा सेन्सर तपासायचा. उंची बरोबर असून गाडी दगडासारखी आदळत असेल, तर गोळ्यांतला वायू गेलेला असतो. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत.

आपल्याकडे परत येऊ, कारण चिखलणीचा स्वतःचा एक आजार आहे. केजव्हील लावलेला ट्रॅक्टर चिखलात आसापर्यंत बुडतो. तापलेली मागची पेटी गार पाण्यात शिरली की आतली हवा आकसते, आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांना एकच तेल असतं, म्हणजे नुकसान सगळीकडे. तेल दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर शंकाच नको. नुसतं गढूळ वाटत असेल तर तापलेल्या तव्यावर त्याचा एक थेंब लांबूनच टाका. तडतडला तर पाणी आहे. आवणी आटोपली की हे तेल बदलायचंच, आणि सीलही. नुसतं तेल बदललं तर पुढच्या खाचरात पुन्हा दूध.

गळती शोधताना नळीवरून बोट फिरवू नका. सुईच्या छिद्रातून एवढ्या दाबाने निघालेलं तेल कातडी भेदून आत जातं. वरून जखम टिचभरही दिसत नाही, पण ताबडतोब शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावं लागू शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्यावर डाग उमटतो. आणि उचललेल्या अवजाराखाली वाकायचं नाही, खाली लाकडी ओंडका दिल्याशिवाय तर नाहीच. जी ओरिंग गळते आहे असा तुमचा संशय आहे, तिच्याच भरवशावर ते अवजार वर टांगलेलं असतं.